न धुतलेले सड

मायाक्का अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते. खराब निघालेले टॉवेल घरी आणते. त्यातला एक कायम तिच्या मुलीच्या तोंडात असतो. सृष्टी अकरा वर्षांची आहे. जेवून उठली की टॉवेलचं टोक चघळत बसते. उशीखाली भाकरीचे तुकडे लपवते.

सृष्टी दोन महिन्यांची असताना सासूनं, शिवबाईनं, मायाक्काला कामाला धाडलं. पोरीची अंगावर पिण्याची सवय तुटावी म्हणून कडुनिंबाचा पाला वाटून स्वतःच्या हातानं सुनेच्या छातीला फासला. शिवबाईचा जन्म सांगोल्याकडं शेळ्यामेंढ्यांत गेलेला. पिल्लू दुधापासून तोडायची तिची हीच रीत. पोर तोंड लावायची आणि किंचाळायची. शिवबाई हसायची. मायाक्काचा नवरा अजिनाथ भिंतीकडं तोंड करून झोपायचा. अजूनही तसाच झोपतो.

तो हिरवा वास मायाक्कानं सांभाळून ठेवला.

मागच्या वर्षी तिनं शेळी घेतली, ती व्याली. चहाला दूध हवं म्हणून शिवबाईनं करडू पंधरवड्यातच तोडलं. ते दिसेल ते चोखू लागलं. दोरी, पदर, टॉवेल. खायला टाकलं की थांबायचंच नाही. एक दिवस पोट फुगून मेलं. जनावरांच्या डॉक्टरनं पोट फाडलं, तर आत सुताचा गोळा.

"फार लवकर तोडलं, मावशी," तो म्हणाला. "चोखायची ओढ मग जात नाही. पोट भरलं तरी तोंड थांबत नाही. त्या वयात मेंदू घडत असतो, त्यात उपाशी राहायची भीती बसून राहते." त्याची नजर टॉवेल चघळणाऱ्या सृष्टीवर गेली. "मी शेळीचं सांगतोय हां."

"व्हय," मायाक्का म्हणाली. "मी बी शेळीचंच ऐकतीया."

यंदा शेळी पुन्हा व्याली. "ह्याला तोडायचं न्हाय, आत्ती," मायाक्कानं बजावलं.

"तुज्या शेळीला मी कशाला हात लावू?"

आणि एका संध्याकाळी मायाक्का कामावरून आली, तर शेळीचे सड कडुनिंबानं हिरवे. करडानं तिच्यासमोर तोंड लावलं, मान झटकली आणि दोरीवरच्या टॉवेलचं टोक धरलं.

शिवबाई शेजारणीच्या दारात गप्पा मारत होती. मायाक्का भांडं घेऊन शेळीखाली बसली. सड धुतले नाहीत. त्याच दुधाचा चहा केला आणि सासूला हाक मारली.

पहिला घोट शिवबाईनं थुंकला. "इख घातलंस व्हय गं, भवाने?"

"तुमच्याच हातचं हाय. सड धुतलं न्हाईत, इतकंच."

"का न्हाय धुतलं?"

"माजी छाती कुटं धुवू दिली तुमी? प्या की. माज्या पोरीनं तोंड वाकडं केलं तवा लई हसू आलं व्हतं न्हवं? आता मला बगू द्या."

शिवबाईनं कप खाली ठेवला. मायाक्कानं तो उचलून परत तिच्या हातात दिला, आणि रिकामा होईपर्यंत समोरून हलली नाही.

सकाळी शिवबाईनं स्वतःच कोमट पाण्यानं सड धुतले, भांडं मांडलं आणि वाट बघत बसली. मायाक्कानं आधी करडू सोडलं. ते बिचकलं, मागं सरलं. तिनं सडातलं दूध बोटावर घेऊन त्याला चाटवलं, तोंड सडाला लावलं. मग ते ढुशा देत प्यायलं. थेंबही उरला नाही.

"आजीच्या चहाला?" सृष्टीनं दारातून विचारलं.

"आजीचं दूध तोडलं मी."

शिवबाई कोऱ्या चहाचा कप धरून खाली बघत राहिली. सृष्टी खळखळून हसली, तसं तोंडातून टॉवेलचं टोक सुटलं. हसून झाल्यावर तिनं ते परत तोंडात घातलं.