प्रभाकररावांनी फोडलेली कोठी

प्रभाकरराव दाभाडकर धान्यखात्यात होते आणि फ्रीगंजात आमच्या शेजारी राहत. माणूस एम.ए., पण गहू आणि जव शेजारी ठेवले तर कोणता कोणता ते सांगता यायचं नाही.

साल छप्पन्न. मध्य भारत मोडून नवं राज्य होणार, कचेऱ्या भोपाळला जाणार. तिथली खुर्ची पक्की व्हावी म्हणून त्यांनी अहवाल लिहायला घेतला: माळव्यात धान्य कसं पिकतं, कसं साठवतात, कशाकशाला वापरतात. पिकण्याचं प्रकरण पंख्याखाली बसून झालं. वापराचं माझ्या स्वयंपाकघरात. बाफल्यांना, म्हणजे उकडून भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांना, कठिया गहू, पोळीला मऊ पिस्सी, एवढं मी सांगितलं आणि तुपात बुडवलेले चार बाफले खाऊन त्यांची पाहणी संपली. साठवणीसाठी कोठी बघायची राहिली. मीच त्यांना अनसूयाबाईंकडे नेलं. नसतं नेलं तर बरं झालं असतं.

अनसूयाबाई भैरवगढच्या वाटेवर राहायच्या. नवऱ्यामागे आठ बिघे जमीन एकटीनं कसायच्या. ओसरीत मातीची कोठी, आत राख आणि कडुलिंबाचा पाला मिसळलेलं कठियाचं बियाणं, तोंड शेणमातीनं लिंपलेलं. ते दसऱ्यानंतरच फोडायचं. तेव्हा भादवा होता आणि भिंतींना ओल.

"खोला," प्रभाकरराव म्हणाले.

"नाही साहेब, बीज आहे. आत्ता हवा लागली की खराब झालंच समजा."

"सरकारी पाहणी आहे, बाई."

"मग बाहेरून पाहा ना. बाहेरून काय वाईट दिसते?"

मला हसू आलं. ते त्यांना लागलं. अनसूयाबाई चहा टाकायला आत वळल्या, तशी मी "अहो, थांबा" म्हणेपर्यंत प्रभाकररावांनी ओल्या छत्रीच्या टोकानं लिंपण फोडलं, ओला हात कोपरापर्यंत आत घातला, मूठभर दाणे बघितले आणि परत टाकले.

"बघा, कुठे आभाळ कोसळलं?"

बाईंनी लगेच लिंपलं. पण त्या हवेत लिंपण वाळतंय कुठलं!

दसऱ्यानंतर कोठी उघडली, तर दाण्यादाण्यात सोंडे. कळताच प्रभाकरराव टांगा करून धावत आले. मला वाटलं, माफी मागतील. त्यांनी वही काढून लिहिलं, 'देशी कोठी निकामी. प्रत्यक्ष पाहणीत कीड आढळली.'

"अहो, ही कीड तुम्हीच घातलीत," मी म्हटलं.

"वहिनी, शास्त्रात भावना चालत नाही."

पेरणी बारा दिवसांवर. बाईंचं वर्ष त्या कोठीत होतं. माझ्या घरी वैशाखात त्यांच्याच शेतातून घेतलेला कठिया होता, दोन पोती. पण किडू नये म्हणून मी त्याला एरंडेल चोळलेलं.

"उगवेल का हो?" मी बाईंना विचारलं.

"विचारून बघू त्यालाच." त्यांनी वीस दाणे मोजले, ओल्या फडक्यात बांधले, चुलीजवळ ठेवले. चौथ्या दिवशी सोडलं तर सतरांना मोड. त्यांनी फडकं माझ्यापुढे धरलं. पोती त्याच दुपारी गाडीत चढली.

नोव्हेंबरात त्यांचं शेत बोटभर हिरवं झालं, तेव्हा प्रभाकरराव भोपाळला निघाले होते, बढतीवर. निरोपाला आले आणि बाफल्यांची आठवण काढली. घरात कठियाचा दाणा नव्हता. मी जवाचे केले.

तीन खाऊन बोटं चाटत म्हणाले, "वहिनी, कठिया तो कठिया!"

मी आणखी एक वाढला.