भागिरथाबाईच्या हातचे रोडगे

रिठदमध्ये कुणाच्या घरी नवसाचे रोडगे गोवऱ्यांवर भाजायचे असले, की कणीक मळायला भागिरथाबाई हवीच. नवऱ्यामागं एकटीनं दिवस काढणाऱ्या बाईला मिरवायला एवढंच होतं. परातीशी तिची जागा ठरलेली. तिथं बसून ती गावच्या सुनांवर असे हुकूम सोडायची की सासवांनीही गप्प बसावं.

मग तिला टीबी झाला. वाशिमच्या एका खासगी दवाखान्यात नाव घालताना फोन नंबर विचारला, तेव्हा तिनं पुतण्याचा, पंजाबरावचा दिला. त्यात वावगं ते काय? गॅस असो की रेशन, आळीतल्या निम्म्या म्हाताऱ्या त्याचाच नंबर सांगत. दवाखान्याचं ॲपही त्याच्याच फोनवर आलं. पंजाबराव कुठं बोलला नाही. भागिरथाबाईनं निमूट गोळ्या घेतल्या आणि ती पार बरी झाली. डॉक्टरांनीच तसं सांगितलं.

ॲपला मात्र ते कुणी सांगितलं नाही. पंजाबराव पारावर चारचौघांना आपल्या पिंकीच्या साखरपुड्याचे फोटो दाखवत होता, आणि फोटोवरच पाटी आली, 'भागिरथाबाई, टीबीची गोळी घेतली का?' संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुढच्या रोडग्यांना तिला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्यांनाही नाही.

म्हातारी आधी रडली, मग चिडली. "मी बरी झाली, मंग तो आजार फोनात कायले बसून राह्यला?" म्हणत तिनं पंजाबरावला ओढतच दवाखान्यात नेलं. काउंटरवरच्या रंजीतानं सगळं ऐकून घेतलं.

"आजी, माहिती तुमची आहे. तुमी म्हणाल तर ती आमाले काढाच लागते."

भागिरथाबाई तिच्याकडे बघतच राहिली. 'तुमची आहे' असं तिला राहत्या घराबद्दलसुद्धा कधी कुणी म्हटलं नव्हतं. पंजाबरावच्या फोनवर आकडे आले, त्यानं ते वाचून दाखवले आणि तिचं नाव ॲपमधून गेलं. परतीच्या एसटीत ती भलतीच खुशीत होती. "पिंकीच्या लग्नाचे रोडगे मीच करीन," ती म्हणाली. पंजाबरावनं मान डोलावली.

लग्नाच्या रोडग्यांच्या दिवशी ती सकाळीच न्हाऊन, ठेवणीतलं लुगडं नेसून गेली. हात स्वच्छ धुतले आणि परातीशी बसली. पंजाबरावनं परात हळूच आपल्या बायकोकडे, रुख्मिणीकडे सरकवली.

"काकू, तुमी आराम करा. रुख्मिणी मळते."

"तूनंच त फोनातून पुसलं ना रे ते?"

"मले ठाऊक हाय काकू. पण पाव्हणे हायेत. त्यायले काय सांगू?"

वाईट वाटावं ते याचंच. पंजाबराव दुष्ट असता, तर तिला भांडता तरी आलं असतं. ती उठली, ओले हात पदराला पुसले आणि लिंबाखाली जाऊन बसली.