माझ्याकडे काही न मागणारा माणूस

हिंदी मुलखातल्या आमच्या रांझीच्या गल्लीत समोरच्या गुड्डीच्या पप्पांनी ज्या घरातून कधीच काही मागून नेलं नाही असं एकच घर होतं, आणि ते माझं होतं. बाकी सगळ्या गल्लीवर त्यांचा हक्क होता. सांडशी एकाची, मिक्सर दुसऱ्याचा, कढीपत्ता तिसऱ्याच्या अंगणातला, आणि विरजण तर रोज नव्या घरचं. त्यांची बायको खमरियाच्या दारूगोळ्याच्या सरकारी फॅक्टरीत होती. सकाळी ती स्कूटीवरून गेली, की पाठोपाठ हे गृहस्थ गळ्यात हेडफोन अडकवून, हातात रिकामी वाटी घेऊन बाहेर पडत. माझ्यासारखेच घरून नोकरी करणारे, माझ्यासारखेच एका लेकीचे बाप, आणि दिवसभर घरात माझ्यासारखेच एकटे. म्हणजे असायला हवे होते. ते नव्हते, हेच माझं दुखणं.

हिवाळ्यात आमच्याकडे मटार किलोनं नाही, गोणीनं येतो. कोपऱ्यावरच्या काकूंच्या ओट्यावर दुपारी सोलायची बैठक बसे आणि चार बायकांच्या मध्ये मांडी घालून हे बसलेले असत. कानात ऑफिसची मीटिंग, हातात शेंगा. मधेच ते ‘यस सर’ म्हणत, बायका तेवढ्यापुरत्या शहाण्यासारख्या गप्प होत आणि मग सुनेचा विषय जिथे राहिला होता तिथून पुढे सुरू होई. काकूंना त्यांच्या बंगळूरच्या साहेबाची पित्ताची तक्रार तोंडपाठ होती. माझं नाव मात्र माहीत नव्हतं. मी ‘समोरवाले’ होतो. खिडकीशी बसून पुण्याच्या एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधत मी हे सगळं बघत असे, आणि माझा जळफळाट होई. बरं, हा माणूस गरजू तरी असावा? भिशीला त्यांच्याकडे जाऊन आलेली माझी बायको सांगत आली, “अहो, त्यांच्याकडे दोन मिक्सर आहेत. खोकीसुद्धा फोडलेली नाहीत.” हे काकूंच्याही कानावर गेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी ओट्यावरच विचारलं, “भैया, दो-दो रखे हैं, फिर मेरा क्यों ले जाते हो?” गुड्डीचे पप्पा जरासुद्धा ओशाळले नाहीत. “घरात सगळंच असलं ना काकू, तर माणूस घरातच राहून जाते,” ते म्हणाले, आणि काकूंनी हसत हसत मिक्सर काढून दिला.

शेवटी मी शिडी विकत घेतली. ॲल्युमिनियमची, आठ पायऱ्यांची. आमच्या गल्लीत कुणाकडेच शिडी नव्हती आणि चौदा एप्रिल तोंडावर आला होता, घरोघरी निळ्या माळा चढवायच्या होत्या. मी ती व्हरांड्यात अशी उभी केली की आंधळ्यालाही दिसावी. चौथ्या दिवशी गुड्डीचे पप्पा खांद्यावर शिडी घेऊन माझ्याच दारावरून गेले. लाकडी, एक पायरी तुटलेली, दोन गल्ल्या ओलांडून कुणाकडून तरी आणलेली. जाताना माझ्याकडे बघून “जय भीम” म्हणाले, हसलेही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

माझी लेकही फितूर झाली होती. दुपारी एकला शाळेतून आली की दप्तर टाकून ती समोर पळे. दिवसभरात माझ्याशी बोलणारी ती एकटीच, म्हणून मी तिची वाट बघत असायचो. एकदा मी तिला अडवून विचारलं, “तिथे असं काय आहे गं?” आमची मुलं मराठी ऐकतात आणि हिंदीत उत्तर देतात. ती म्हणाली, “वहाँ सब लोग हैं, पप्पा.”

पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी ती दप्तर टाकायलासुद्धा घरी आली नाही, थेट तिकडे गेली. मी उठलो. काय मागावं याचा विचार करत समोर गेलो आणि काहीच सुचलं नाही. गुड्डीचे पप्पा व्हरांड्यात एकटेच मटार सोलत बसले होते. आतून दोन्ही पोरींचा दंगा ऐकू येत होता.

“बोला जी, काय पाहिजे?”

“काही नाही,” मी म्हटलं. “असंच.”

त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. मीही सोलू लागलो. मग मी विचारलंच, “तुम्ही सगळ्यांकडे जाता. माझ्याकडे का येत नाही?”

“तुमच्या दारावर कागद हाये ना जी. बच्चा सो रहा है, घंटी न बजाएँ. सुरुवातीला दोनदा येऊन वापस गेलो मी. म्हटलं, चलो, लेकराची झोप काहून मोडाची.” त्यांनी एक शेंग फोडली. “मग लेकरू इकडे येऊन खेळू लागलं, तरी कागद तिथंच. मला वाटलं, तुम्हालेच कोणी नको असन.”

तो कागद मी लावला होता, लेक तीन महिन्यांची असताना. आता ती पहिलीत होती आणि आत पलंगावरून उड्या मारत होती. रोज ते दार उघडून-लावून आम्हाला तो कागद दिसेनासाच झाला होता. मी सोललेलीच शेंग पुन्हा सोलायला घेतली.

घरी येऊन मी तो कागद खरवडून काढला. दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला बेल वाजली. “थोडंसं विरजण भेटन का?” गुड्डीचे पप्पा विचारत होते. मी फ्रीजमधलं सगळंच दही त्यांना देऊन टाकलं. पुढे मग रोज दहाला स्क्रू-ड्रायव्हर, हिंग, इस्त्री, काय काय गेलं. गेलेलं परत यायला उशीर झाला की मी आणायला जाई आणि तासभर बसून येई. काकूंना माझं नाव कळलं.

दोन वर्षांनी गुड्डीच्या मम्मीची बदली झाली आणि ते लांबच्या एका फॅक्टरीच्या गावी गेले. काकूंच्या ओट्यावर आता मी बसतो. बायका मला सामावून घेतात, पण मीटिंगमध्ये मी बोललो तर गप्प होत नाहीत. दहा वाजले की अजूनही माझं कामात लक्ष लागत नाही. तिकडे त्या नव्या गावात ते कुणाची तरी बेल वाजवत असतील, आणि ते दार उघडणाऱ्या माणसाचा मला फार हेवा वाटतो.