दाजींची आखूड नदी

आमच्या दाजींइतका नदीने झपाटलेला माणूस अख्ख्या करवीर तालुक्यात झाला नाही, आणि एका नदीपायी चारचौघांत मान खाली घालायची वेळ आमच्या घराइतकी दुसऱ्या कुणावर आली नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे कोकणातले, नोकरी कोल्हापुरात एका कचेरीत, आणि मनासारखी जागा मिळेना म्हणून मुक्काम गडमुडशिंगीला आमच्याच घरी. सासुरवाडीत राहायची त्यांना लाज वाटायची. आम्हाला त्याचं काही नव्हतं. आम्हाला लाज वाटायची ती त्यांच्या नदीची.

ही नदी सह्याद्रीच्या कड्याखाली जन्मते, चार खडक ओलांडून भातखाचरांतून धावत सुटते, एका टेकडीला वळसा घालून माडाच्या बागांत शिरते आणि दाजींच्या गावाशी खाडी होऊन समुद्राला मिळते. झालं, संपली. पण दाजी ती सांगायला बसले की जेवणं थंड व्हायची. ताटात भात पडला की त्याचा सह्याद्री व्हायचा, आणि तांबड्या रश्श्याची नदी त्यांच्या बोटामागून लिंबाच्या फोडीपर्यंत, म्हणजे बंदरापर्यंत, जायची. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. शेजारचा पाहुणा आपलं ताट हळूच सरकवून घ्यायचा आणि मी पाण्याचा तांब्या आणायच्या निमित्ताने उठायचो. एकदा दूधकट्ट्यावर समोर पिळलेलं दूध पिता पिता त्यांनी एका अनोळखी पैलवानाला धरलं. "तुमची पंचगंगा बघा. जन्मते तिथून समुद्र इतका जवळ, पण ही बया त्याच्याकडे पाठ करते आणि कृष्णेच्या नादी लागून पार बंगालच्या उपसागरात जाऊन पडते. आमची नदी कशी, सरळ घरी जाते." पैलवान ओठावरचा फेस पुसत म्हणाला, "पावणं, येवढ्यात संपत असंल तर नळ म्हणा की तिला." लोक हसले. मी यांच्याबरोबर आलोच नाही अशा चेहऱ्याने म्हशीकडे बघत राहिलो.

माझे वडील, आबा, तर जावयाला डिवचायची संधी सोडत नसत. "पावणं, तुमच्या नदीत म्हस बसली तर पानी फुडं जातंय, का तटतंय?" दाजी रागावत नसत. "एकदा या, आबा. काठोकाठ भरलेली खाडी बघा आणि मग बोला," एवढंच म्हणत. शेवटी एका चैत्रात आबा, दाजी आणि मी पहाटेच्या एसटीने गगनबावड्याचा घाट उतरलो. दाजी खिडकीतून खालची चकाकणारी रेघ सगळ्या प्रवाशांना दाखवत होते, कंडक्टरलासुद्धा.

भर दुपारी खाडीवर पोचलो तर पाणीच नव्हतं. नजर जाईल तिथवर चिखल, त्यात कुशीवर कलंडलेल्या होड्या आणि मधोमध धोतराच्या काठाएवढी धार. आबांनी नजर दुसरीकडे वळवली, हे जास्त वाईट होतं. चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या एका म्हातारीने दाजींना ओळखलं. "रे, आज आठम मां? दुपारची सुकती असता. पाणी सांजच्याक येतला. खाडीवर वाढलेलो तू, आणि ह्यां पण इसारलंस?"

खाडीकाठच्या पोराटोरांनाही तिथीवरून भरती-ओहोटीची वेळ सांगता येते. दाजी एसटीचं वेळापत्रक पाठ करून आले होते आणि तिथी बघायची विसरले होते. इतकी वर्षं नदीचं गुणगान करणारा हा माणूस कोल्हापूरकर होऊन बसला होता, आणि ते त्याला सासऱ्यासमोर कळलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत ते लाल झाले. आबाच म्हणाले, "सांजपातूर थांबू की." दाजींनी मान हलवली. "नको. गाडी चुकेल. घरी म्हशींच्या धारा आहेत."

त्यानंतर त्यांनी नदीचा विषय काढला नाही. भात मुकाट्याने कालवून खायचे आणि उठायचे. इतकी वर्षं आम्हाला हवी होती ती शांतता मिळाली, आणि ती खायला उठली. बहीण आबांना वाढायची, पण त्यांच्याकडे बघायची नाही.

पावसाळा सरल्यावर एक दिवस आबा पैंजणांचं बघायला म्हणून हुपरीला गेले ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उगवले. कुठे होता, ते सांगेनात. जेवायला बसल्यावर दाजींना म्हणाले, "पावणं, अवसेला दुपारी भरती असती न्हवं?"

"हो."

"बगून आलो. काठोकाठ हाय. त्यात म्हस बसायची न्हाय, पवायला लागंल." मग भाकरीचा तुकडा मोडून हातातच धरून बसले. "लई बोललो म्या. लाज वाटली बगा तिथं."

दाजींची मान आणखीच खाली गेली. "आबा, एवढा घाट उतरून एकटे गेलात?"

पुढे नदी सांगायचं काम आबांनीच घेतलं. पंगतीत, कट्ट्यावर, पावण्यारावळ्यांत. चुकीचीच सांगायचे, तिला भलत्याच डोंगरातून काढायचे, आणि दाजी शेजारी लाजून बसलेले असायचे. चूक दुरुस्त करायचे नाहीत. दोघेही आता नाहीत. कुणी कोकणातला भेटला की ती नदी माझ्या अगदी तोंडापर्यंत येते, पण मी गप्प बसतो. मी ती भरलेली पाहिलीच नाही. मला दिसते ती फक्त एसटीकडे भराभर चालत निघालेल्या दाजींची पाठ.