सिल्वासातले उजवे गुडघे

सगळ्यात आधी आले ते शिंदे साहेब. दारात बूट काढताना त्यांनी भिंत धरली, तशी मी स्वयंपाकघरातूनच नातीला, गौरीला, खुणावलं, की बघ, यांचाही उजवाच. मग तिच्याच कंपनीतले भावेशभाई आले. सोफ्यावर बसले ते उजवा पाय लांब करून. गौरीचं तर आधीपासून चाललंच होतं. तीन माणसं आणि तिघांचा तोच गुडघा, तोही बाहेरच्या अंगाने! मी म्हटलं, "काय हो, कंपनीत वाटतात की काय हे?" शिंदे साहेब पुण्याचे, तिथलेच मॅनेजर, त्यांना हसावं की नाही ते कळेना. भावेशभाई हसले. म्हणाले, "बोनसमां मळ्युं छे, बा!" म्हणजे बोनसमध्येच मिळालंय.

पण मी सिल्वासात कशी पोहोचले ते आधी सांगते, नाहीतर तुमच्यापैकी कुणाला जायचं असेल तर उपयोग काय.

गौरी तिथे प्लास्टिकच्या कारखान्यात इंजिनियर आहे. पहाटे उठून या दोघांबरोबर पळते. कुणी मागे लागलेलं नसताना माणूस का पळतं हे मला कळलेलं नाही, पण तिला बरं वाटतं, म्हणजे झालं. मागच्या वर्षी गावातल्या दहा किलोमीटरच्या शर्यतीत अर्ध्यात गुडघा धरून बसली आणि गाडीतून परत आली. यंदा पुन्हा नाव दिलं, तर गुडघा पुन्हा कुरकुरायला लागला. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, फोनवर म्हणाला, "या वेळी बसलीस ना, तर ते बूट घरी पाठवून दे. पुरे झालं." गौरी काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला जावं लागतं. पिशवी भरली आणि निघाले.

नंदुरबारहून सुरतेची गाडी, सुरतेला बदलून वापी. खिडकी मिळाली तर उन्हाची बाजू टाळा. वापीला उतरलात की पूर्वेकडून बाहेर पडा, तिथून सिल्वासाच्या रिक्षा सुटतात. सीटवर गेलात तर स्वस्त पडतं, पण रिक्षावाला माणसं भरेस्तोवर हलत नाही. अख्खी करायची तर भाव आधी ठरवा. माझ्या शेजारी एक धुळ्याची बाई होती, नरोलीला खोली करून राहते, नवरा सूतगिरणीत. तिने मला माहेरची असल्यासारखं सगळं विचारून घेतलं. हिवाळ्यात गेलात तर रस्त्याच्या कडेला मडकी उलटी घालून शेकोट्या दिसतील. त्यात पापडी, रताळी, सुरण असं भाजतात, त्याला उंबाडियुं म्हणतात. हिरव्या चटणीबरोबर खा. आमच्या भरताची सर नाही, पण दुसऱ्यांदा मागितलं, हेही खरं.

तर त्या रविवारी हे सगळे जमले होते ते हर्षदासाठी. ही वापीची फिजिओ. अंगात गणवेश नाही, हातात सुई नाही, नुसती बघते. आल्या आल्या म्हणाली, "सगळ्यांचे पळायचे बूट आणा आणि उलटे करा." माझ्या स्वच्छ फरशीवर तिघांचे बूट तळवे वर करून मांडले. तीन घरचे, तीन मापांचे, आणि झिजलेले मात्र अगदी एकसारखे. उजव्याची बाहेरची कड गेलेली, डाव्याची आतली.

"तुम्ही एकाच रस्त्याने पळता का?" हर्षदाने विचारलं.

"राखोलीपर्यंत," शिंदे साहेब म्हणाले. "उजव्या कडेने. समोरून येणाऱ्या गाड्या दिसतात. सेफ्टी फर्स्ट."

"आणि परत येताना?"

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. गौरी म्हणाली, "परत बसने येतो. रात्रपाळीची माणसं सोडायला कंपनीची बस गावात येते ना, तिच्यात. ड्रायव्हर ओळखीचा आहे."

हर्षदा हसत खालीच बसली. मग तिने माझं पोळपाट मागून घेतलं आणि एका बाजूला वाटी घालून तिरकं केलं. रस्ता मधून उंच असतो आणि कडेला उतरता, पाणी वाहून जावं म्हणून. एका कडेने पळालं की एक पाय कायम खाली, एक कायम वर. जाऊन पळतच परत आलात त्याच कडेने, तर उतार दुसऱ्या पायाला मिळतो, हिशेब सारखा होतो. यांचा उतार कधी उलटलाच नव्हता. रोज एकाच कुशीवर झोपल्यासारखं चाललं होतं.

"म्हणजे बसमुळे?" भावेशभाई म्हणाले. "फुकटची बस महागात पडली!"

"नुसती बस नाही," हर्षदा म्हणाली आणि एकेकाला एका पायावर उभं केलं. गौरी उभी राहिली तर तिची कंबर एका बाजूला कलली आणि गुडघा आत वळला. दिवसभर मशीनपाशी एका कमरेवर भार टाकून उभं राहायचं, बॅग एकाच खांद्याला, म्हणून कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू झोपलेले. कुशीवर पडून वरचा पाय सावकाश उचलायचा, खाली आणायचा, घाई नाही. पळताना पावलं लहान टाकायची. अंतर एकदम वाढवायचं नाही. थोडे दिवस सपाट मैदानावर, तेही दोन्ही दिशांनी.

"आणि शर्यत?" गौरीने विचारलं. आवाज इतका बारीक, की मी गॅस बंद केला.

"पाच किलोमीटरवाल्यांचा आणि दहावाल्यांचा रस्ता जिथे फुटतो ना, तिथे ठरव. तोपर्यंत काहीही ओढलं तर पाचला वळ. आधी दुखायला लागतं, मग लंगडतो, मग महिनाभर घरी बसतो. पहिल्यालाच थांबायचं असतं."

शिंदे साहेब म्हणाले, "मी दहाच पळणार. फी भरलीय." त्यांना कोण सांगणार. मलाही हर्षदाने एका पायावर उभं केलं. मी राहिले. भावेशभाईंनी टाळ्या वाजवल्या, तर मीच हलले.

शर्यतीच्या सकाळी मी त्या फाट्यावर खुर्ची टाकून बसले. डावीकडे पाचवाले वळणार, सरळ दहावाले. धुकं होतं, चहावाला होता. भावेशभाई आधी आले, डावीकडे वळले, मला हात केला. मग शिंदे साहेब, तोंड वाकडं, पण सरळ गेले. मग गौरी. पाय नीट पडत होते, लहान लहान. मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही, गुडघ्याकडेच बघत होते. फाट्यावर ती जरा सरळ गेली, दहा-बारा पावलं, आणि मग मागे फिरून डावीकडे वळली.

शिंदे साहेब नंतर दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून लंगडत परत आले.

घरी आल्यावर गौरी बूट काढून खाली बसली. मी ताक दिलं. विचारलं, "दुखत होतं का गं?"

"नाही आजी. दुखणार होतं. बाहेरून जरासं ओढलं. मागच्या वर्षीही तिथेच ओढलं होतं, मी ऐकलं नव्हतं."

तेवढ्यात बापाचा फोन. मीच घेतला. "पाच पळाली," मी म्हटलं, "आणि आत्ता उकिडवी बसून बूट पुसतेय. तू एकदा तसं बसून दाखव, मग बोल." तो हसला. बुटांचा विषय तिथेच संपला.

मला नंदुरबारला घरी सोडायला तिघंही आले, शिंदे साहेबांच्या गाडीने, सोनगड-नवापूर करून. चालवली भावेशभाईंनी, कारण साहेबांना ब्रेक दाबवेना. वाटेत नवापूरला चहा चांगला मिळतो, थांबा.

आता काय राहिलं म्हणाल, तर दमणगंगा बघितली, बाग बघितली, छान आहे. पण राहिलं ते वेगळंच. लग्नाला गेले तरी मांडवाबाहेर चपलांचे तळवे बघत बसते. कोण कुठे झुकतंय ते कळतं. भाकरी थापताना मीही एका कमरेवर उभी असते, ते दिसलं, म्हणून आता मधेच पाय बदलते.

शिंदे साहेबांना आमच्या मळ्याकडचा सपाट रस्ता फार आवडला. गौरी म्हणाली, "आजी, माझे दहा मी इथे पूर्ण करीन. पाच जायचे, पाच यायचे, पायांवरच." तयारीला वेळ आहे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी, शनिवारी, तिघंही येतो म्हणाले आहेत.