बंबाच्या नळीला टोपण

आमच्या ठेकेदाराकडे नळाची कामं करणारे आम्ही दोघंच होतो, आणि आमच्यावर एक म्हातारा मिस्त्री. निजामाची राजवट होती. परभणी आणि पूर्णेच्या भागात लोक आडाचं पाणी शेंदून प्यायचे, त्यामुळं घरात नळ म्हणजे पैसेवाल्यांचं कौतुक. जिनिंगवाले, वकील, बडे हुद्देदार यांच्या बंगल्यांत आम्ही लोखंडी नळ्या फिरवायचो. मी बोरीचा, कुणब्याच्या घरातला. दुसरा झरीचा, लिंगायत. त्याच्याविषयी मी कधी कुणाजवळ चांगलं बोललो नाही, आणि वाईट बोलायला मला काही सापडलं नाही. माझं खरं दुखणं तेच होतं.

नळीला आटे पाडायचं काम त्याचा हात असं काही करायचा की बघणाऱ्याला वाटावं, लोखंडच मऊ आहे. जोडाला तो तागाचा चिमूटभर धागा गुंडाळायचा, वरून सफेद्याचं पांढरं लुकण लावायचा, पान्याचे दोन फेरे द्यायचा आणि उठायचा. थेंब गळायचा नाही. मी धागा दुप्पट लावायचो, दात-ओठ खाऊन पाना फिरवायचो, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या जोडाला घाम आलेला असायचा. मिस्त्री माझा जोड बघून पुढं सरकायचा. त्याच्या जोडावरून मात्र हात फिरवायचा आणि म्हणायचा, "देखो मियाँ, असं काम पायजे." हे 'देखो मियाँ' मला उद्देशून असायचं. अंगाचा तिळपापड व्हायचा.

मिस्त्रीची एक रीत होती. जोड झाला की ओल्या सफेद्यावर ज्यानं तो केला त्यानं अंगठा उठवायचा. सफेदा वाळला की ठसा राहायचा, आणि पुढं कधी जोड गळला तर कुणाला बोल लावायचा ते मिस्त्रीला कळायचं. माझ्या अंगठ्यावर करवतीचा आडवा वण होता, त्यामुळं माझा ठसा आंधळ्यालाही ओळखू यावा. त्याचा अंगठा साधा, गुळगुळीत. त्याचाही मला हेवा वाटायचा. आता हसू येतं, पण वाटायचा.

शिवाय त्याची पूजा. गळ्यातल्या चांदीच्या डबीतलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय तो तोंडात घास घालायचा नाही, आणि मिस्त्री मुसलमान असून त्याच्यासाठी आम्हा सगळ्यांचं जेवण थांबवायचा. मला एकदा जेवताना उशीर झाला तर म्हणाला, "पोटात किती जागा हाय तुझ्या?"

मिस्त्रीची नजर अधू व्हायला लागली तसं ठेकेदारानं सांगून टाकलं, की जिनिंगवाल्या शेठच्या बंगल्याचं काम संपलं की दोघांतला एक मिस्त्री होईल. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हती, तिच्यावाचून माझं काही खरं नव्हतं. माझे सासरे झरीचे, चांगले दोन विहिरींचे बागायतदार. जावई काय करतो म्हणून कुणी विचारलं की ते म्हणायचे, "नळ्या वळायलाय." बायको ऐकून माजघरात जाऊन बसायची. मिस्त्री झालो असतो तर हातात छत्री आली असती, अंगात पांढरा सदरा आला असता, आणि तिला चारचौघींत बसता आलं असतं. आणि ती जागा त्याच झरीच्या माणसाला गेली असती तर सासऱ्यांच्या दारावरून तो छत्री घेऊन जाणार होता. ते चित्र मी रोज बघायचो.

शेठचा बंगला परभणीच्या बाहेर, जिनिंगच्या मागं. न्हाणीघरात नळाला गरम पाणी पाहिजे असा त्याचा हट्ट. मागच्या पडवीत विटांची चूल, तिच्यावर तांब्याचा मोठा बंद बंब, माळवदावर गार पाण्याची टाकी. टाकीतून नळी बंबात उतरायची, बंबातून दुसरी न्हाणीत जायची. नोकरानं बंब भरायचा, टाकीकडचा कॉक बंद करायचा आणि चूल पेटवायची. काम नाजूक, म्हणून मिस्त्रीनं ते झरीवाल्याला दिलं. मला दिला कुंपणाजवळचा जनावरांचा हौद.

काम संपायच्या आदल्या दिवशी दुपारी तो पूजेला बसला, तेव्हा मी माळवदावर चढलो. खोटं कशाला बोलू, खोट काढायलाच चढलो. सगळे जोड बघितले. एकही ओला नाही. मग दिसलं, की बंबाच्या डोक्यातून एक तिसरी नळी भिंतीला धरून वर आली आहे, टाकीच्याही वर हातभर गेली आहे, आणि तिचं तोंड उघडं. ना कॉक, ना टोपण. आख्खी नळी न कापता लावलेली, म्हणून टोकाला कारखान्याचे आटे तसेच. आटे आहेत आणि टोपण नाही, म्हणजे विसरला! मला इतका आनंद झाला की मी तिथं टाकीला टेकून जरा वेळ बसलो.

खाली जाऊन त्याला सांगता आलं असतं. मिस्त्रीला सांगता आलं असतं. पण मिस्त्री ते झाकून नेईल अशी मला खात्री होती. मी खिशातून टोपण काढलं, धागा गुंडाळला, सफेदा थापला, जीव खाऊन आवळलं आणि वर माझा वणाचा अंगठा चांगला ठसठशीत उठवला. उद्या शेठसमोर, ठेकेदारासमोर सहज म्हणायचं होतं, 'ती नळी उघडी राहिली होती, मी बंद केली.' ते वाक्य मी घरी जाताना चार प्रकारे म्हणून बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेठकडं हैदराबादेहून एक बडा हुद्देदार पाहुणा आलेला. नव्या नळाखाली पहिली अंघोळ त्याची. अंगणात ठेकेदार, मिस्त्री, मुनीम, जिनिंगचे चार लोक उभे. पाहुणा न्हाणीबाहेरच्या खोलीत पाटावर बसून अंगाला तेल लावून घेत होता, आणि चूल बऱ्याच वेळापासून धडधडत होती. मी माझं वाक्य ओठांवर धरून उभा.

आधी बंब गुरगुरला. मग आवाज असा झाला की जिनिंगमधल्या बाया बाहेर आल्या. बंबाचा सांधा उकलून उकळतं पाणी पडवीच्या भिंतीला जाऊन लागलं, नवा चुना थराथरानं खाली आला, आणि पाहुणा तेलानं माखलेला, लंगोटीवर, अंगणात सगळ्यांच्या मधोमध येऊन उभा राहिला. कुणाला इजा झाली नाही. हसायची मात्र कुणाची छाती नव्हती, आणि ते न हसणं फार वाईट होतं.

झरीवाला सगळ्यांच्या आधी माळवदावर पोचला. मी त्याच्या मागं. त्यानं नळीचं टोक बघितलं आणि तिथंच थांबला. मग वळून हळू आवाजात म्हणाला, "ही वाफेची वाट होती गड्या. हिला झाकत न्हाईत."

विसरलेलं काही नव्हतं. मला माहीत नव्हतं, एवढंच होतं.

खालून मिस्त्री शिडी चढायला लागला होता. "टोपण कुणी लावलं?" तो ओरडला. झरीवाल्यानं माझ्या ठशाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि अजून मऊ असलेल्या त्या सफेद्यावरून अंगठा फिरवून माझा वण पुसला आणि वर स्वतःचा ठसा उठवला. म्हणाला, "मीच लावलं. चुकलं माझं."

खरं सांगायला मला भरपूर वेळ होता. शिडीला बारा पायऱ्या होत्या आणि मिस्त्री म्हातारा होता.

मिस्त्रीनं ठसा बघितला, मग त्याच्याकडं बघितलं. त्याला खरं वाटलं की नाही, मला आजही सांगता येत नाही. पण ठेकेदाराला कुणाचं तरी नाव हवं होतं आणि ते त्याला मिळालं. महिन्याभरात मी मिस्त्री झालो. सदरा शिवला, छत्री घेतली. सासऱ्यांनी मला पहिल्यांदा ओसरीवर स्वतःच्या शेजारी बसवलं आणि त्या दिवशी बायको दिवसभर हसत होती.

तो माझ्या हाताखाली आला. दोन महिने मी त्याच्याशी कामापुरतं बोललो. मग पूर्णेला एका वकिलाच्या घरी काम चालू असताना मला राहवलं नाही. विचारलं, "तू असं कामून केलंस? माझी कीव आली व्हय?"

तो आटे पाडत होता. हात न थांबवता म्हणाला, "न्हाई. मला मिस्त्री व्हायचंच नव्हतं. मिस्त्रीनं निस्तं बोट दाखवायचं, हत्यार दुसऱ्याच्या हातात. मला ते जमायचं न्हाई. ठेकेदाराला न्हाई म्हणावं तर तो रागावला असता. तुझ्या टोपणानं माझं लय सोपं झालं."

"मग आधी सांगायचंस मला," मी म्हणालो.

"तू कधी इचारलंस?"

त्यानं नळीवर तेल सोडलं आणि पुन्हा फेरा दिला. लोखंडाची बारीक कुरळी तार सुटत सुटत त्याच्या पायाशी पडत राहिली. मी छत्री काखेत धरून बाजूला उभा होतो. माझ्याकडं आता जे जे होतं, त्यातलं त्याला काहीच नको होतं. आणि मला अजूनही त्याचे हात हवे होते.