सांगलीचा आरसा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. रहिमतपुरात आमच्या शेजारच्या काकू घरबसल्या लग्नात नवरीला द्यायच्या आरशांवर रंगानं पोपट, वेली काढून द्यायच्या. आरसा जमिनीवर आडवा ठेवून मधोमध ताट पालथं घालायच्या आणि कडेकडेनं रंगवायच्या. स्वतःचं तोंड त्यात दिसू द्यायच्या नाहीत. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "आरं, मधली जागा नवरीची. तितं माज्यासारखीचं काय काम?" त्या विधवा होत्या.

माझ्या बहिणीच्या लग्नाला त्यांनी आपणहून आरसा रंगवून दिला. "पोरीला सांग फकस्त, काकूनं काढलाय म्हणून."

मांडवात बहिणीच्या सासूनं विचारलं, "कुणी काढलंय हे?" विधवेच्या हातचा म्हटलं तर अपशकून म्हणून परत पाठवतील, या भीतीनं मी म्हणालो, "सांगलीहून एसटीनं आणलाय."

काकू मागच्या दारात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गेलो, तर मान वर न करता म्हणाल्या, "सांगलीचा माल लय देखणा म्हणं." आणि ताट जरा सरकवून त्यांनी वेल पुढे नेली.

काकू आता नाहीत. बहीण अजून तो आरसा आल्यागेल्याला सांगलीचा म्हणून दाखवते. काकूंचा निरोप तिला सांगायचा माझ्याकडून राहिलाच आहे.